झाडांची नावे आणि झाडांची नाती
(वनस्पतींचे वर्गीकरण व रचना यांची तोंडओळख)

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वनस्पतिशास्त्रावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वनस्पतिशास्त्र हा विज्ञान शाखेचा प्रांत, तेथे आमचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्यात वावगे काही नाही. परंतु झाडाला नाव देणे हे जितके शास्त्राचे काम आहे, तितकेच ते भाषेचेही आहे. एका वस्तूला एक नाव का पडते, दोन निराळ्या वस्तूंना एकच नाव पडले तर काय गोंधळ होतो, आणि नावावरून नाते ओळखता येते काय, हे प्रश्न भाषेच्या विद्यार्थ्याला नेहमीच पडतात. वनस्पतिशास्त्राने या प्रश्नांची उत्तरे अडीचशे-तीनशे वर्षे खपून शोधली आहेत. ती आपणही समजून घ्यावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुसरे कारण थोडे घरगुती आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. माझ्या आईला वाचता येत नाही. पण निंदणीच्या वेळी तणातून तांदुळजा, घोळ, चिवळ, कुर्डू, केना या भाज्या ती न चुकता वेगळ्या काढते. घोळ आणि चिवळ 'एकाच घरची' आहेत, असे ती म्हणते. पुस्तक उघडून पाहिले तेव्हा कळले की शास्त्रज्ञांनीही या दोन्हींना पोर्टुलाका या एकाच प्रजातीत घातले आहे. म्हणजे वर्गीकरण ही केवळ प्रयोगशाळेतील गोष्ट नव्हे. शेतात राबणारा प्रत्येक माणूस वर्गीकरण करीतच असतो. शास्त्राने त्याला नियम घालून दिले, इतकेच.

वर्गीकरणाची गरज

वाण्याच्या दुकानात साखर, मीठ, डाळी आणि मसाले एकाच पोत्यात भरले, तर दुकान चालणार नाही. ग्रंथालयात पुस्तके आली तशी रचली, तर हवे ते पुस्तक सापडणार नाही. वनस्पतींचे तर विचारूच नका. नुसत्या फुले येणाऱ्या वनस्पतींच्याच जगभरात सुमारे तीन लाख जाती आहेत. त्या सर्व एक एक करून लक्षात ठेवणे कोणासही शक्य नाही. सारख्या गुणांच्या वनस्पती एकत्र ठेवल्या, म्हणजे एकीचा अभ्यास केला असता तिच्या भाऊबंदांविषयीही पुष्कळसे कळते.

वर्गीकरणाच्या पायऱ्या साधारणपणे अशा आहेत : सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती. वरून खाली यावे तसे नाते जवळचे होत जाते. गाव, गल्ली, भाऊबंदकी, घर आणि माणूस, असाच हा क्रम समजावा. शेवटच्या दोन पायऱ्या, म्हणजे प्रजाती आणि जाती, मिळून वनस्पतीचे शास्त्रीय नाव बनते. आंब्याचे शास्त्रीय नाव मॅन्जिफेरा इंडिका असे आहे. त्यातील मॅन्जिफेरा ही प्रजाती आणि इंडिका ही जाती. आपल्याकडे आडनाव आणि नाव असते, तसेच हे. फरक इतकाच, की येथे आडनाव आधी येते.

जुनी वर्गवारी

आपल्या देशातही झाडांची वर्गवारी फार पूर्वी झालेली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वनस्पतींचे चार प्रकार सांगितले आहेत. ज्यांना फूल न दिसता फळ येते त्या 'वनस्पती', ज्यांना फूल व फळ दोन्ही येतात ते 'वानस्पत्य', फळ पिकल्यावर ज्यांचा अंत होतो त्या 'ओषधी' आणि पसरणाऱ्या वेली म्हणजे 'वीरुध'. ज्वारी, हरभरा, गहू ही आपली सारी पिके या हिशेबाने ओषधीच होत.

यांतील पहिला प्रकार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. वड, पिंपळ आणि उंबर यांना फूल कधी कोणी पाहिले नाही. म्हणूनच फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. वस्तुतः उंबराला फुले असतात, आणि ती शेकड्यांनी असतात. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो तो आतून पोकळ असा पुष्पविन्यास आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर बारीक बारीक फुले दाटीने लागलेली असतात. टोकाकडील लहान छिद्रातून एक चिमुकला कीटक आत शिरतो आणि परागीभवन घडवून आणतो. पिकलेले उंबर फोडले की आत किडे दिसतात, त्याचे हे कारण होय. जुन्या आचार्यांनी डोळ्यांना जे दिसले ते बरोबर टिपले. भिंगाने पाहणाऱ्यांनी त्यात भर घातली.

पश्चिमेकडे हे काम पद्धतशीरपणे केले ते कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने (१७०७-१७७८). त्याचा 'स्पीशीज प्लँटारम' हा ग्रंथ १७५३ साली प्रसिद्ध झाला आणि दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत रूढ झाली. लिनियसने फुलातील पुंकेसरांच्या संख्येवर व रचनेवर भर देऊन वनस्पतींचे २४ वर्ग पाडले. ही पद्धत शिकावयास सोपी होती, पण तिच्यात एक उणीव राहिली. एकाच गुणावर भर दिल्यामुळे काही ठिकाणी सख्खे भाऊ दूर पडले आणि परके शेजारी आले.

या कामात आपल्या बाजूच्या माणसांचाही वाटा आहे. मलबारातील डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध करविला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे साह्य घेतले होते. त्यांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेले प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे. पुढे लिनियसने भारतीय वनस्पतींसाठी या ग्रंथाचा आधार घेतला. गावच्या वैद्याचे ज्ञान कागदावर उतरले, म्हणजे ते कोठवर जाऊन पोहोचते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

लिनियसनंतर एका गुणाऐवजी अनेक गुण एकत्र पाहून नैसर्गिक नाते शोधण्याचा प्रयत्न सुरू झाला. बेंथॅम आणि हूकर या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८६२ ते १८८३ या काळात तीन खंडांत मांडलेली पद्धत आपल्या देशात फार काळ चालली. थिओडोर कुक हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ लिहिला, तो याच पद्धतीने रचलेला आहे. आपला खानदेश तेव्हा मुंबई इलाख्यातच होता.

वनस्पतिसृष्टीचे मोठे भाग

वनस्पतिसृष्टीचे ढोबळमानाने दोन भाग करतात : बी न धरणाऱ्या आणि बी धरणाऱ्या.

बी न धरणाऱ्यांत सर्वांत साधी ती शैवाले. पांझरेच्या डबक्यात हिरवे केसांसारखे तंतू तरंगताना दिसतात, ते शैवालच. त्यांना मूळ, खोड, पान असे काही नसते. त्यांच्या वरच्या पायरीवर ब्रायोफायटा म्हणजे हरिता येतात. पावसाळ्यात जुन्या भिंतीवर मखमलीसारखा हिरवा थर चढतो, तो यांचाच. या जमिनीवर राहतात, पण प्रजननासाठी त्यांना पाणी लागतेच. म्हणून त्यांना वनस्पतिसृष्टीतील उभयचर म्हणतात. त्यानंतर नेचे येतात. सातपुड्यातील ओलसर, सावलीच्या दऱ्यांत ते सापडतात. त्यांना खरी मुळे, खोड व पाने असतात आणि अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नळ्याही असतात, पण फूल आणि बी मात्र नसते. नेच्याच्या पानाच्या मागील बाजूस तपकिरी ठिपके दिसतात, त्यांत बीजाणू असतात.

बी धरणाऱ्यांचे पुन्हा दोन विभाग आहेत. ज्यांचे बी फळात झाकलेले नसते त्या अनावृतबीजी. बागेतील सायकस आणि मोरपंखी ही त्यांची उदाहरणे. ज्यांचे बी फळाच्या आत असते त्या आवृतबीजी. आपली सर्व पिके, फळझाडे आणि फुलझाडे याच विभागात मोडतात. येथे दिसण्यावर जाऊ नये. सुरूचे झाड पाइनसारखे दिसते, म्हणून ते अनावृतबीजी असेल असे वाटते. प्रत्यक्षात सुरू आवृतबीजी आहे. त्याच्या हिरव्या 'सुया' ही पाने नसून बारीक सांधेदार फांद्या आहेत, आणि खरी पाने प्रत्येक सांध्यावर खवल्यांसारखी चिकटलेली असतात.

भूछत्र आणि बुरशी यांना पूर्वी वनस्पतींतच धरीत. त्यांच्यात हरितद्रव्य नसते व त्या स्वतःचे अन्न तयार करीत नाहीत. व्हिटाकर या शास्त्रज्ञाने १९६९ साली जी पाच सृष्टींची पद्धत मांडली, तीत त्यांना स्वतंत्र सृष्टी दिली आहे.

डाळ होते ती आणि होत नाही ती

आवृतबीजींचे एकदल आणि द्विदल असे दोन गट शाळेतच शिकवतात. हा भेद ज्याला जात्याचा अनुभव आहे, त्याला वेगळा शिकवावा लागत नाही. हरभरा भरडला की त्याचे दोन भाग होतात. ती डाळ म्हणजे रोपट्याच्या पहिल्या अन्नाची दोन कोठारे, दोन बीजपत्रे. ज्वारी कितीही भरडली तरी तिची डाळ होत नाही, कण्या होतात. कारण तिच्यात बीजपत्र एकच असते.

बियातला हा भेद पुढे साऱ्या शरीरात उतरतो. हरभऱ्याला सोटमूळ असते. ज्वारीला तंतूंसारख्या मुळांचा जुडगा असतो, आणि ताट उंच झाले की खालच्या पेरांतून आधारमुळे निघून ते जमिनीत रोवतात. द्विदलाच्या पानातील शिरांचे जाळे असते. एकदलाच्या पानात त्या बहुधा समांतर धावतात. द्विदल फुलात पाकळ्या प्रायः चार किंवा पाचाच्या हिशेबाने, तर एकदलात तिनाच्या हिशेबाने असतात.

खोड आडवे कापून पाहिल्यास आणखी एक भेद दिसतो. मुळांनी शोषलेले पाणी वर नेणाऱ्या नळ्या आणि पानांत तयार झालेले अन्न खाली आणणाऱ्या नळ्या यांच्या जुड्या द्विदलात वर्तुळाकार मांडलेल्या असतात. वृक्षांत त्यांच्यामधील पेशींचा थर वाढत राहतो, म्हणून निंबाचे किंवा बाभळीचे खोड वर्षावर्षाने जाड होते. एकदलात या जुड्या विखुरलेल्या असतात व तसा थर नसतो, म्हणून ज्वारीचे ताट निंबासारखे घेर धरीत नाही. झाडाच्या बुंध्याभोवती सालीचे कडे काढले तर झाड लगेच मरत नाही, हळूहळू वाळते; त्याचे कारणही येथेच आहे. पाण्याच्या नळ्या आत लाकडात असतात, त्या शाबूत राहतात. अन्नाच्या नळ्या सालीत असतात, त्या तुटतात आणि मुळे उपाशी पडतात.

मूळ, खोड आणि पान यांची वेषांतरे

वनस्पतीचे अवयव आपले मूळचे काम सोडून दुसरे काम करू लागले, की त्यांचे रूप पालटते. मग ते ओळखावे कसे? त्याची साधी खूण अशी : खोडाला पेरे आणि डोळे असतात, मुळाला नसतात.

या खुणेने बटाटा आणि रताळे यांचा निकाल लागतो. दोन्ही जमिनीखालची, दोन्ही पिठूळ. पण बटाट्याला डोळे असतात व त्यांतून कोंब फुटतात. तो खोड आहे. रताळे हे अन्न साठवून फुगलेले मूळ आहे. आले आणि हळद ही आडवी वाढणारी खोडे होत. कांद्यात खोड म्हणजे बुडाची चपटी चकती एवढेच. आपण चिरतो ते पानांचे मांसल तळ असतात. फड्या निवडुंगाचा हिरवा फडा हे चपटे खोड असून पानांचे काटे झालेले आहेत. बाभळीचे काटे मात्र पानांचे नव्हेत, ते पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांचे. गुलाबाचा काटा याहून निराळा. तो सालीवरचा उंचवटा आहे, म्हणून बोटाने दाबताच अलगद निघतो.

पानाच्या बाबतीतही अशीच गंमत आहे. गुढीपाडव्याला आपण कडूनिंबाची 'पाने' चघळतो, त्या खऱ्या तर पर्णिका. एका मधल्या दांडीवर दोहो बाजूंनी लागलेल्या सर्व पर्णिका मिळून निंबाचे एक पान होते. खूण सोपी आहे : पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते.

आपल्या खानदेशाची केळ तर वेषांतराचा कळस आहे. अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो आणि ती 'केय' होते. पण नाव कोणतेही घ्या, तिला झाड म्हणणे शास्त्राला मान्य नाही. आपण जे खोड समजतो, ती पानांच्या बुडांची एकावर एक गुंडाळलेली वळी आहे. खरे खोड जमिनीखालचा कंद. त्या कंदातून मुनवे फुटतात. घड यायच्या वेळी कंदाचा शेंडा त्या वळीतून वर चढतो आणि टोकाला केळफूल बाहेर काढतो. शेंडा एकदा फुलला की त्याची वाढ संपते, म्हणून घड कापल्यावर ती केळ पुन्हा फळत नाही. केळ ही जगातील मोठ्यात मोठ्या ओषधींपैकी एक आहे, असे म्हणावे लागते. आले, हळद आणि कर्दळ ही तिच्याच गणातील नातलग मंडळी होत.

फूल : नात्याचा दाखला

वर्गीकरणात फुलाला एवढे महत्त्व का? पान, खोड व उंची ही ऊन, पाणी आणि माती यांप्रमाणे पुष्कळ बदलतात. फुलाची रचना त्या मानाने स्थिर असते. म्हणून नाते ठरविताना फुलाची साक्ष मोठी.

पूर्ण फुलात चार मंडले असतात. बाहेरचे हिरवे निदलपुंज, त्याच्या आत पाकळ्यांचे दलपुंज, मग पुंकेसरांचे पुमंग आणि मध्यभागी जायांग. जायांगाच्या तळाशी अंडाशय असतो. फलन झाल्यावर अंडाशयाचे फळ आणि त्यातील बीजांडांची बीजे होतात. भोपळा, गिलकी, दोडकी, कारली यांच्या वेलींवर नर आणि मादी फुले वेगळी असतात. ज्या फुलाच्या खाली इवलेसे फळ दिसते ते मादीफूल.

ही चार मंडले ध्यानात ठेवली, की आपल्या शिवारातील कुळे ओळखता येतात. त्यांतील तीन येथे पाहू.

कापसाचे कुल : कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद यांची फुले शेजारी ठेवावीत. प्रत्येकात पाच पाकळ्या, आणि असंख्य पुंकेसर एकत्र जुळून झालेली एक नळी, जिच्या मधून कुक्षीवृंत बाहेर येतो. रंग निराळे, घडण एक. कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरील एका पेशीचा वाढलेला केस. काटेसावर हीदेखील आता याच कुलात धरली जाते. तिचा कापूस मात्र बियांवर उगवत नाही, तो बोंडाच्या आतल्या भिंतीवर उगवतो.

शेंगांचे कुल : हरभरा, तूर, भुईमूग आणि पळस यांच्या फुलात एक मोठी पाकळी पताकेसारखी, दोन पंखांसारख्या आणि दोन जुळून नावेसारख्या असतात. बाभूळ, शमी, चिंच, बहावा आणि आपटा यांची फुले तशी नसतात. पण शेंग सर्वांना येते व तीच त्यांना एका कुलात बांधते. भुईमुगाची शेंग मातीत सापडते म्हणून तिला मूळ समजू नये. फूल जमिनीवर येते, फलनानंतर आरी सुटते, ती जमिनीत शिरते आणि टोकाला शेंग धरते.

वांग्याचे कुल : ज्या वांग्याचे भरीत खानदेशात घरोघरी होते, ते वांगे, मिरची, टोमॅटो, बटाटा, तंबाखू आणि विषारी धोत्रा हे सारे एकाच कुलातील. वांग्याच्या डोक्यावरची हिरवी टोपी म्हणजे न गळता राहिलेली निदले. मिरचीलाही ती असते. एकाच घरात अन्न आणि विष दोन्ही नांदतात, हे या कुलाने शिकावे.

नाव चुकले तर?

येथवरचे विवेचन कोणास केवळ पुस्तकी वाटेल. परंतु नाव आणि नाते यांची गल्लत काही वेळा जिवावर बेतते.

खानदेशात शेताच्या बांधावर आणि पडीत जागेत 'पिवळा धोत्रा' उगवतो. काटेरी पान, पिवळे फूल, तोडल्यावर पिवळा चीक. नावात धोत्रा असला तरी धोत्र्याशी त्याचे काही नाते नाही. त्याचे कुल अफूचे, आणि मूळ गाव मेक्सिकोकडचे. त्याचे काळपट बी मोहरीसारखे दिसते. ते मोहरीत मिसळून तेल काढले गेले तर अंगावर सूज येते, हृदयावर परिणाम होतो आणि माणसे दगावतात. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने मोठी साथ आली होती व पन्नासाहून अधिक माणसे त्यात मृत्यू पावली.

अशोकाचेही तसेच. शाळा-कचेऱ्यांच्या कुंपणालगत जो उंच, सरळ आणि नागमोडी कडेच्या पानांचा 'अशोक' लावतात, तो सीताफळाच्या कुलातील. आयुर्वेदातील खरा अशोक, म्हणजे सीतेचा अशोक, शेंगांच्या कुलातील असून त्याला केशरी फुलांचे घोस येतात. त्याची साल स्त्रियांच्या विकारांवर वापरतात. त्या सालीत खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, असे आढळून आलेले आहे. नाव एक म्हणून औषध एक, असे समजणाऱ्या रुग्ण स्त्रीची यात फसवणूक होते.

'गाजरगवत' हे नाव तर दुहेरी फसवे आहे. ते गाजर नव्हे आणि गवतही नव्हे. ते झेंडू आणि सूर्यफूल यांच्या कुलातील, अमेरिकेकडून आलेले तण आहे. पुण्यात ते १९५५ च्या सुमारास प्रथम दिसून आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज व पुरळ येते. निंदणी करणाऱ्या बायांच्या हातांना हे शास्त्र पुस्तकाआधीच कळलेले आहे.

'निंब' या नावाखालीही बरीच मंडळी गोळा झाली आहेत. कडूनिंब आणि बकाणनिंब एका कुलातील. पण गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, लिंबू आणि बेल यांच्या कुलातील आहे. याची प्रचीती कोणासही घेता येईल. लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे पान उजेडाकडे धरून पाहावे. त्यात तेलाच्या ग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. कडूनिंबात ते दिसत नाहीत.

वर्गीकरण बदलते ते का?

जुन्या पुस्तकात एक कुल आणि नव्यात दुसरे, असे दिसले की विद्यार्थी गोंधळतो. यात शास्त्राची फजिती नाही. नवा पुरावा आला की निकाल पुन्हा लिहावा लागतो. आता पेशीतील डीएनएची साक्ष काढता येते. तिच्या आधारे जगातील अनेक शास्त्रज्ञांनी मिळून १९९८ साली आवृतबीजींची नवी मांडणी केली व २०१६ साली तिची चौथी आवृत्ती काढली. तीनुसार सर्व द्विदल हा एकच नैसर्गिक गट राहिला नाही. सीताफळासारख्यांची शाखा वेगळी निघाली. कांदा आणि लसूण लिलीच्या कुलातून बाहेर पडले. डाळिंबाचे स्वतंत्र कुल गेले आणि ते मेंदी, धायटी आणि आपल्या राज्याचे फूल ताम्हण यांच्या कुलात आले. बाभळीचे नाव अकेशिया निलोटिका होते. २००५ साली अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील जातींकडे ठेवण्याचा निर्णय झाला, २०११ साली तो कायम झाला आणि आपली बाभूळ व्हॅशेलिया निलोटिका झाली. ऑस्ट्रेलियात काहीही ठरो, आमची 'बाभूय' मात्र आहे तेथेच उभी आहे!

देवपूरचे काम आणि आपले काम

हे सर्व वाचून असे वाटेल, की वर्गीकरण करणारे लोक स्वीडन, इंग्लंड किंवा पुण्यात असतात. तसे नाही. डॉ. डी. ए. पाटील यांनी आपल्या देवपुरातील डॉ. पी. आर. घोगरे विज्ञान महाविद्यालयात राहून धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला व तो २००३ साली प्रसिद्ध झाला. (नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून दोन्हींचे नाव.) जळगाव जिल्ह्याचा ग्रंथ क्षीरसागर आणि पाटील यांनी २००८ साली काढला. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयाने साऱ्या महाराष्ट्राच्या एकदल वनस्पतींचा ग्रंथ १९९६ साली आणि द्विदलांचे दोन खंड २००० व २००१ साली प्रसिद्ध केले.

अशा ग्रंथामागे पायपीट असते. फुलाफळांसह फांदी गोळा करावयाची, कागदांच्या घडीत दाबून वाळवावयाची, जाड कागदावर चिकटवावयाची आणि खाली चिठ्ठी लिहावयाची : कोठे, केव्हा, किती उंच, फुलाचा रंग कोणता, स्थानिक नाव काय, गोळा कोणी केली. चिठ्ठी नसेल, तर तो नमुना म्हणजे नुसता पाचोळा.

त्या चिठ्ठीतील 'स्थानिक नाव' हा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तेथे कला शाखेचे काम सुरू होते. ते ग्रंथ इंग्रजीत आहेत. अहिराणी, भिली आणि पावरी बोलणाऱ्यांच्या तोंडी झाडांची जी नावे आहेत, कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात खावी, कोणते गवत बैल खात नाही, ही जी माहिती आहे, ती बरीचशी आजी-आजोबांच्या जिभेवरच आहे. आमची पिढी शिकून शहरात आली. आम्हांला कांचन आणि आपटा यांतला फरक सांगता येत नाही, म्हणून दसऱ्याला कांचनाची पाने सोने म्हणून वाटली जातात. आम्ही शिकलो खरे. पण आईला जे येत होते ते विसरून शिकलो, तर तो सौदा तोट्याचा ठरेल.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघरची दप्तरे तपासून कागद मिळविले. १९२६ साली त्यांचे धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. कागद माळ्यावर काही वर्षे तरी टिकतो. न लिहिलेले नाव माणसाबरोबर जाते. म्हणून माझी सूचना साधी आहे. येत्या पावसाळ्याच्या सुट्टीत आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावातील दहा वनस्पतींची नावे वडीलधाऱ्यांकडून विचारून, जशी उच्चारतात तशीच, लिहून आणावीत. सोबत एक एक वाळवलेली फांदी आणावी. विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापकांनी कृपा करून त्यांचे कुल आणि शास्त्रीय नाव सांगावे. दोन्ही नावे एकाच कागदावर आली, की पुढच्या वर्षीच्या अंकासाठी एक चांगली यादी तयार होईल. माझ्या आईच्या दहा भाज्यांपासून मी सुरुवात केलीही आहे.